पाच हजारांत घरी पहिली सुरी : भट्टीशिवाय जमेल का?

आठवा_मजला

नमस्कार मंडळी,
घरच्या भाजीसाठी एक सुरी स्वतःच्या हाताने बनवायची आहे. चेंबूरला वन रूम किचन, आठवा मजला, बाल्कनी सहा बाय चार. हत्यारं आणि माल धरून पाच हजारांच्या वर जायचं नाही. घरात हातातलं ड्रिल मशीन, हॅक्सॉ आणि ओटीजी (छोटा ओव्हन) आहे. बेल्ट ग्राइंडर नाही, त्याचा आवाज शेजाऱ्यांना चालणारही नाही.

कुर्ल्याच्या भंगारात ट्रकचा कमानपाटा किलोच्या भावाने मिळतो, त्यापासून सुरुवात करावी का? बाल्कनीत दोन विटांची छोटी गॅसभट्टी लावून पाणी देता येईल का, म्हणजे पातं लाल तापवून, बुडवून कडक करता येईल का? आणि नुसत्या कानशीने पात्याला धारेकडे निमुळता होत जाणारा सरळ उतार खरोखर देता येतो का?

कानसकाम

शेवटचा प्रश्न आधी घेतो. कानशीने उतार येतो, आणि नवख्या हाताने मशीनवर काढलेल्या उतारापेक्षा जास्त सरळ येतो. मशीनवर चूक एका सेकंदात एक मिलिमीटर खोल जाते. कानशीवर तेवढी चूक करायला दहा मिनिटं लागतात, तोवर ती दिसते.

कमानपाटा नको. तो सहा ते दहा मिमी जाड आणि वाकडा असतो. पातळ आणि सरळ करायला ऐरण, हातोडा, भट्टी तिन्ही लागतात, आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही. शिवाय ओझ्याखाली लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात केसासारख्या भेगा असू शकतात. त्या कानस मारताना दिसत नाहीत, पाणी देताना उघडतात, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. जुनी कानसही तशीच. कापायची तरी आधी लाल करून राखेत रात्रभर निववावी लागते, आणि दात्यांचा एखादा चर पात्यावर राहिला की तिथूनच पातं तडकतं. भांडीबाजारातला ३०४ स्टेनलेस कितीही तापवून बुडवला तरी कडक होत नाही. ईएन ८ या जातीच्या पोलादात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. शाफ्टला ठीक, धारेला कमी.

घ्यायची ती स्प्रिंग स्टीलची ३ मिमी पट्टी, ईएन ४२ जे किंवा १०७५. कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे धारेला पुरेसा, आणि ही जात साध्या उपचाराला नीट प्रतिसाद देते. नागदेवी, गुलालवाडी, किका स्ट्रीट या भागात चौकशी करा, रविवार सोडून. दुकानात दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: जातीचं सर्टिफिकेट दाखवा आणि पट्टी नरम हवी, अ‍ॅनील केलेली. निळसर चकाकणारी पट्टी पुढे केली तर ती आधीच कडक केलेली असते, तुमची कानस तिच्यावर दोन तासांत बोथट होईल. खिशात लहान कानस ठेवा आणि कडेला एकदा ओढून बघा. चावली तर माल बरोबर.

वजनाचा हिशेब करून जा. २५० × ३५ × ३ मिमीच्या एका तुकड्याचं वजन साधारण २०६ ग्रॅम भरतं. दीड किलोत सात पाती. एवढीच पट्टी मागितली तर काही दुकानदार नाही म्हणतील, पण कापून उरलेले तुकडे बहुतेकांकडे पडलेले असतात, ते मागा.

आता कानस. बारा इंची सपाट बास्टर्ड (भरड) एक, आठ इंची स्मूथ (बारीक) एक, सहा मिमीची गोल एक. इथे पैसे वाचवू नका, चांगल्या कंपनीचीच घ्या. चार इंची शेगडा (व्हाइस), दोन सी-क्लॅम्प, ३ आणि ४ मिमीचे ड्रिल बिट, १२० ते ६०० नंबरचे पॉलिश पेपर. कानशीवर आधी शाळेचा खडू घासा, म्हणजे कीस दात्यांत अडकत नाही. अडकलेला एक कण पात्यावर असा ओरखडा काढतो की तो घालवायला अर्धा तास जातो. कानस पुढे जाताना कापते. मागे येताना उचलायची, घासत आणली तर दाते मरतात.

आखणीची एक युक्ती. पट्टी आकारात कापून कडा सरळ झाली की तिच्यावर निळ्या मार्करची शाई फिरवा. पट्टी काचेवर आडवी ठेवा, शेजारी ४ मिमीचा ड्रिल बिट आडवा ठेवा आणि बिटाच्या टोकाने कडेवर रेघ ओढा. टोक काचेपासून २ मिमी वर असतं. पट्टी उलटी करून पुन्हा ओढा. पट्टी ३ मिमीची असल्यामुळे दोन रेघा बरोबर मधोमध, एकमेकींपासून १ मिमी अंतरावर येतात. पाणी देण्याआधी धारेची जाडी नेमकी एवढीच ठेवायची असते. दोन्ही बाजूंनी रेघेपर्यंत उतरायचं, रेघ खायची नाही.

उतार सरळ येण्यासाठी लाकडी फळीवर साचा करा. पातं फळीवर आडवं क्लॅम्प करायचं, धार तुमच्याकडे, पाठ पलीकडे. फळीच्या पलीकडच्या टोकाला एक उभा बोल्ट, वर कडी असलेला, ज्याची उंची नट फिरवून बदलता येते. कानशीला वरून ८ मिमीचा सरळ गज घट्ट बांधायचा आणि गजाचं दुसरं टोक त्या कडीतून जाऊ द्यायचं. कानस कितीही मागेपुढे केली तरी कोन बदलत नाही.

कोनाचा हिशेब: ३ मिमी पट्टीवर धारेला १ मिमी ठेवायचा म्हणजे प्रत्येक बाजूने १ मिमी काढायचा. उतार २५ मिमी रुंद हवा असेल तर दर २५ ला १. उताराच्या वरच्या रेघेपासून कडी ४०० मिमी लांब असेल तर ती १६ मिमी वर न्यायची. हे १६ मोजायचं कुठून? पात्याच्या सपाट पृष्ठावर कानस पूर्ण टेकवा, त्या वेळी गज कडीच्या जागी ज्या उंचीला येतो तो तुमचा शून्य. नवखे लोक फळीपासून मोजतात आणि मग उतार पाठीपर्यंत चढतो.

पाच मिनिटांनी एकदा बाजू बदला. एक बाजू पूर्ण करून दुसरीला हात घातला तर धार मधोमध राहत नाही.

पाणीदार

कानसकाम यांच्याशी सहमत. भट्टीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

बाल्कनीत नको, एकदाही नको. पातं ८०० अंशांचं असतं, ते तीन-चार लिटर तेलात जातं आणि अर्धवट बुडालं तर तेलाच्या पृष्ठावर ज्वाळा उठते. वर नायलॉनची कबुतरजाळी, शेजारी वाळत घातलेले कपडे, खाली रहदारी. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमातही बसत नाही.

मुंबईत राहण्याचा फायदा इथे घ्या. वागळे इस्टेट, अंधेरी एमआयडीसी, वसईच्या औद्योगिक वसाहती, अशा ठिकाणी हीट ट्रीटमेंटची वर्कशॉपं असतात. ते किलोवर आकारतात आणि किमान रक्कम ठरलेली असते. त्यामुळे एका पात्यासाठी जाऊ नका, चार-पाच तयार झाली की एकत्र द्या. तिथे सांगायचं ते असं: पोलादाची जात, ऑइल हार्डनिंग (तेलात बुडवून कडक करणं), नंतर टेम्परिंग (पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं), अंतिम कडकपणा ५८ ते ५९ एचआरसी (रॉकवेल मापावर), आणि पाती आडवी रचू नका, तारेने उभी टांगा. आडवं ठेवलेलं पातं स्वतःच्या वजनाने वाकतं. प्रत्येक मुठीच्या भागावर पंचाने खूण करा, नाहीतर कुणाचं पातं कुणाकडे ते कळणार नाही.

देण्याआधी तीन गोष्टी तपासा. मुठीची सगळी भोकं आधीच पाडलेली हवीत, कारण नंतर साधा बिट नुसता जळतो. पातं आणि मूठ जिथे मिळतात तो आतला कोपरा गोल कानशीने गोलावलेला हवा, काटकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते. आणि कानशीचे आडवे ओरखडे १२० व मग २२० नंबरच्या पेपरने लांबीच्या दिशेने पुसलेले हवेत. थंड होताना पोलाद आकसतं, तेव्हा आडवा ओरखडा म्हणजे तयार भेगच.

धार १ मिमी का ठेवायची? उघड्या भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, तो थर नंतर घासून काढावा लागतो. आणि अगदी पातळ धार बाकीच्या पात्याच्या कितीतरी आधी थंड होते, त्यामुळे लाटांसारखी वाकडी होते.

ज्यांचं गावी अंगण आहे आणि मे महिन्यात तिकडे जाणं होतं, त्यांच्यासाठी हाताची पद्धत. हलक्या इन्सुलेशन विटा दोन, आत चर कोरून, आणि गॅसचा टॉर्च. दहा सेंटिमीटरच्या पात्याला पुरतं. संध्याकाळी, सावलीत करायचं, उन्हात लाल रंग फसवतो. पात्याला चुंबक लावत राहा. चुंबक सुटलं की थांबायचं नाही, त्याहून एक छटा उजळ होऊ द्यायचं, म्हणजे ८०० ते ८१५ अंश. नारिंगी-पिवळ्याकडे गेलं तर पोलादाचा आतला दाणा जाड झाला, ते पातं पडलं की काचेसारखं तुटेल. पहिल्या तीन वेळा चुंबक सुटेपर्यंत तापवून नुसतं हवेत काळं होऊ द्या, त्याने दाणा बारीक होतो. चौथ्या वेळी तेल.

नाव पाणी, पण या पोलादाला द्यायचं तेलातच. पाण्यात "टिक्" असा आवाज येतो आणि पातं गेलेलं असतं. रिफाइंड सूर्यफूल तेल, ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं. गरम तेल पातळ असतं, पात्याभोवतीचं वाफेचं आवरण लवकर मोडतं आणि पोलाद लवकर थंड होतं, हे ऐकायला उलटं वाटलं तरी तसंच आहे. भट्टीतून तेलात दोन सेकंदांच्या आत. टोक खाली, सरळ उभं, सुरी कापते त्या दिशेने मागेपुढे हलवायचं. डावी-उजवीकडे हलवलं की वाकलंच. डबा पत्र्याचा, उंच, झाकण असलेला, बाजूला कोरडी वाळू. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, धूर विषारी असतो.

दहा-बारा सेकंदांनी काढून बघा. वाकलं असेल तर जाड हातमोजा घालून त्याच मिनिटात सरळ करायचं, तेवढाच वेळ पोलाद ऐकतं. नंतर जोर लावला की तुटतं. मग कानस ओढा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. चावली तर एकतर पुरेसं तापलं नव्हतं किंवा तेलात जायला उशीर झाला.

त्या अवस्थेत पातं अतिशय ठिसूळ असतं. त्याच दिवशी ओटीजीत २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओटीजीचं बटण २०० दाखवत असलं तरी आत वीस-तीस अंश इकडेतिकडे होतात, म्हणून ताटात वाळू भरून त्यात पातं पुरा आणि शेजारी ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. आधी एक भाग घासून चकचकीत करून ठेवला तर फिकट गवती पिवळा रंग दिसतो. तो हवा. जांभळा किंवा निळा दिसला तर जास्त मऊ झालं, पुन्हा पहिल्यापासून.

आठवा_मजला

खूप आभार. बाहेरच देतो. दोन शंका. शेगडा बसवायला बाकच नाही, ओट्याला क्लॅम्प केला तर? आणि मुठीला सागवान चालेल का, सुताराकडे तुकडे मिळतात.

वखार

ओट्याला नको. ग्रॅनाइटच्या कडेवर क्लॅम्पचा जोर एका बिंदूवर येतो आणि कडा उडते. दीड इंच जाडीची फळी घ्या, दोन फूट लांब, शेगडा तिच्यावर नट-बोल्टने पक्का करा आणि ती फळी लाकडी स्टुलावर दोन सी-क्लॅम्पने धरा. स्टुलाच्या खालच्या पट्टीवर एक पाय ठेवून काम केलं की ते हलत नाही. खाली जुनी चटई दुमडून ठेवा, खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. शेगड्याच्या जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून लावा, नाहीतर घासून साफ केलेल्या पात्यावर दात उमटतात.

लोखंडाचा कीस घरभर पसरतो आणि दमट हवेत एका रात्रीत लादीवर गंजाचे ठिपके पाडतो. झाडू मारण्याआधी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, पिशवी उलटी केली की कीस आत.

सागवान चालेल, पण त्यात नैसर्गिक तेल असतं. चिकटवायच्या पाच मिनिटं आधी ती बाजू अ‍ॅसिटोनने पुसली नाही तर डिंक धरत नाही. शिसव जास्त चांगलं, घट्ट आणि पाण्याला टिकणारं. त्याची धूळ मात्र नाकाला झोंबते, एन-९५ मास्क लावाच. रे रोडच्या वखारींत शिसवाचे छाटलेले तुकडे विचारा. दोन पट्ट्या लागतात, प्रत्येकी १२० × ३० × १० मिमी. पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच बसवू नका. पंख्याखाली दोन-तीन आठवडे ठेवा, नाहीतर दिवाळीनंतर ते आकसतं आणि पोलादाची कड मुठीबाहेर बोटाला लागते.

पिनांसाठी ४ मिमीची पितळी सळी. भोक पात्यात ४.२ मिमीचं ठेवलं तर बरं, पाणी देताना पातं जरा हललेलं असतं. दोन पट्ट्यांची पुढची टोकं चिकटवण्याआधीच एकत्र धरून घासून पॉलिश करा. चिकटवल्यावर तिथे पेपर लावला की पात्यावर ओरखडे येतात. अ‍ॅरल्डाइटचा सावकाश वाळणारा, चोवीस तासांचा प्रकार घ्या, पाच मिनिटांचा नको, तो ओलाव्यात सुटतो. क्लॅम्प हलकाच आवळा. खूप आवळलं तर सगळा डिंक बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पोलादाची आतली बाजू ८० नंबरने खरखरीत करून ठेवा.

शेवटी उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हात, रोज एक, चार-पाच दिवस. त्या तेलाची चिंधी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.

फाइलनोंदी

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते, मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. पहिली सुरी चार इंचांचीच असावी हे कामाच्या दृष्टीनेही योग्य. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात सार्वजनिक जागी हत्यार बाळगायला बंदी असते. म्हणून वर्कशॉपला पाती नेताना पुठ्ठ्यात गुंडाळून, खोक्यात, पट्टीच्या बिलासह न्या. धार लावलेली नसतेच, ती तशीच असू द्या.

पाणीदार

पाती परत आल्यावरचं राहिलं. वर्कशॉपमधून काळी पपडी धरून येतात. शंभराच्या पेपरने, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. आता कानस चालणार नाही. धार १ मिमीवरून ०.४ वर आणायची आहे आणि हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, एका पात्याला दोन-तीन संध्याकाळी धरा. ड्रिलला डिस्क लावून घाई करायची असेल तर पातं उघड्या हाताने धरा. बोटाला चटका बसला की पाण्यात बुडवा. धारेवर निळा रंग उमटला तर तेवढा भाग मऊ झाला, तो घासून काढल्याशिवाय इलाज नाही.

कानसकाम

धारेचं मी लिहितो. दुहेरी कार्बोरंडम दगड पुरेसा आहे. भाजीच्या सुरीला एका बाजूने १५ अंश. कोन मोजायला चांदा नको: पातं ३० मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ८ मिमी वर. तेवढ्याच उंचीची नाण्यांची चवड डोळ्यासमोर ठेवून घ्या, हाताला सवय होते. भरड बाजूने एकीकडे घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर टोकापासून मुठीपर्यंत तारेसारखी वळ लागत नाही. मधेच कुठे लागली नाही तर तिथे धार अजून भेटलेली नाही, बाजू बदलू नका. मग दुसरी बाजू, मग बारीक बाजू, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवा पॉलिश साबण लावून पाठीच्या दिशेने ओढा. चामड्याचे तुकडे धारावीत मिळतात.

पहिल्याच दिवशी लिंबू किंवा केळफूल कापू नका, कार्बन पोलाद आंबट-तुरट गोष्टींना काळं करतं आणि स्वतःही काळं पडतं, विळीचं होतं तसंच. आधी आठवडाभर कांदे, बटाटे कापून प्रत्येक वेळी लगेच पुसा. पात्यावर निळसर-करडी छटा चढली की गंज कमी धरतो. जून ते सप्टेंबर रोज रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवा. गोडेतेल लावू नका, ते वाळून चिकट होतं. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओलावा धरतं. लाकडी फडताळात, पुठ्ठ्याच्या साध्या खोळीत ठेवा.

आठवा_मजला

शनिवारी नागदेवीला जाऊन पट्टी बघतो. ३ ऐवजी २ मिमी मिळाली तर घ्यावी का?

कानसकाम

पहिल्या पात्याला नको. २ मिमी भाजीत छान सरकते, पण पाणी देताना जास्त वाकते. ३ ची नाहीच मिळाली तर अडीच घ्या, धार तेव्हाही १ मिमीच ठेवा, आणि रेघा ओढायला ३.५ मिमीचा बिट वापरा.